ओट्यावरून दिसणारं दार

"हा नकाशा तू काढलास?"

बोरगावकर परीक्षक कागद खिडकीच्या उजेडात धरून उभे होते. डाव्या गालात पान, वरच्या ओठावर झाडूच्या फडासारख्या मिशा आणि तोंड कागदाकडे. त्या तोंडातून काय बाहेर पडतंय हे ओठ बघून ओळखायला साक्षात बृहस्पती बसवला असता तरी तो हात जोडून उठून गेला असता.

समोर बसलेल्या सुगंधा पाटणेनं मान हलवली. हो.

"आणि ह्या सुहास माळीचा नकाशा तुझ्या नजरेसमोर होता?"

हो.

"म्हणजे त्याचं बघून काढलंस तर."

हो, हो, हो. आणि वर एक गोड हसू.

"घ्या, कबूलच करतेय," बोरगावकर म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. "निदान खोटं तरी बोलत नाही पोरगी."

"संस्कार आहेत, साहेब," शेजारच्या खुर्चीतून दादासाहेब बिवलकर म्हणाले. "आमच्याकडे सगळा भर संस्कारांवर."

दादासाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. संस्थेचं नाव वाचस्पती कर्णबधिर तंत्रनिकेतन, मुक्काम सांगली. दहावी झालेल्या बहिऱ्या मुलामुलींना दोन वर्षांत इमारतींचे नकाशे काढायला शिकवणारी ही संस्था. जिथल्या एकाही विद्यार्थ्याला धड वाचा फुटलेली नाही तिचं नाव वाचस्पती ठेवायला जो निर्ढावलेपणा लागतो, तो दादासाहेबांकडे पोत्यानं होता. प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर त्यांनी स्वतःच्या खर्चानं पाटी रंगवून घेतली होती: 'हात खाली, नजर ओठांवर.' खुणांनी बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी माकडचेष्टा. कुणी हात वर केला की मास्तरनं फूटपट्टी उचलायची, आणि वार्षिक अहवालात लिहायचं की आमचा प्रत्येक विद्यार्थी शंभर टक्के ओठ वाचतो. लेखणी कुणाला अडवते? तिलाही ऐकू येत नाही.

मी तिथे भाषा शिकवायचो आणि वसतिगृहावर राहायचो. सात वर्षं मुलांच्या पंगतीला जेवलो. आमटी वाढता वाढता, भाकरी मागता मागता त्यांच्या खुणा माझ्या हातात उतरल्या. दुसरे लोक चोरून विडी ओढतात, तसा मी चोरून हातांनी बोलायचो. वर्गात मात्र हात पाठीमागे.

त्यामुळे सुगंधाची ती मान मला चांगली ओळखीची होती. तिला खरंच हो म्हणायचं असलं की हनुवटी एकदाच खाली यायची आणि डोळे ज्याबद्दल बोलणं चाललंय त्या वस्तूकडे जायचे. ही दुसरी मान वेगळी. तीन वेळा भरभर हलणारी, हसऱ्या तोंडाची, डोळे समोरच्याच्या कपाळावर. ही मान बालवाडीपासून घोटून घेतलेली असते. बाई विचारतात, "समजलं?" मूल मान हलवतं. बाई खूश, मूल सुटतं. नाही म्हटलं तर तेच वाक्य पुन्हा, मोठ्या तोंडानं, दहा वेळा. चार वर्षांचं पोरही दोन दिवसांत शहाणं होतं. पंधरा वर्षांनी त्याला फाशीचा हुकूम वाचून दाखवला तरी ते मान हलवेल.

लांजा तालुक्यातल्या एका वाडीतून आलेली ही मुलगी. पाटबंधारे खात्यात अनुरेखकाची, म्हणजे नकाशे छापून काढण्याआधी ट्रेसिंग करणाऱ्याची, एक राखीव जागा निघाली होती. निवडयादीत तिचं नाव होतं. तीस एप्रिलपर्यंत उत्तीर्ण झाल्याचा कागद पोचायला हवा, नाही तर नाव खोडलं जाणार. आणि मग काजूचा कारखाना. तिची आई तिथेच काजू फोडायची. काजूच्या तेलानं त्या बाईच्या बोटांची सालं गेली होती. मुलीला भेटायला आली की हात पदराखाली घेऊन बसायची. सुगंधाचे हात कसे होते म्हणाल तर, रोटरिंगच्या पेनानं ओढलेल्या तिच्या रेघेवर भिंग धरावं आणि गप्प बसावं.

बोरगावकरांनी दोन्ही नकाशे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन खोल्यांचं घर काढायचं होतं. "हे बघा, दादासाहेब. चूकसुद्धा एकच! स्वयंपाकघर पुढे ओढलंय आणि त्याचं दार थेट मुख्य दारासमोर. ओट्यापाशी उभं राहिलं की रस्ता दिसतो. कोण शहाणा असं घर बांधतो? आल्यागेल्याला बाईची भांडी दिसणार! एकाला ही बुद्धी सुचली असं समजू. दोघांना?"

"खरं आहे, खरं आहे," दादासाहेब म्हणाले. मग कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या माझ्याकडे वळले. "काय ओगले, हिला प्रश्न नीट कळलेत ना? नाही तर साहेब म्हणतील, दुभाषा का दिला नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. सुगंधाही. मग चहा आला आणि सगळे उठले.

*

त्याच संध्याकाळी पाच वाजता संस्थेच्या सभागृहात कीर्तन होतं.

मी कीर्तनवेडा माणूस, आजही आहे. देवानं मला गळा दिला नाही, पण कान दिले, आणि ते मी कीर्तनाला वाहिलेले आहेत. बुवांनी पूर्वरंगाला हात घातला, टाळ खणखणला, बुक्क्याचा वास आला की माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. तेव्हा मी गोविंदबुवा मिराशांच्या मागे झांज धरायचो. साठी ओलांडलेले, काटकुळे, आवाज मात्र असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, बुवा माझ्याच कानाशी बसून सांगतायत. त्या दिवशी ते आमच्या संस्थेत पहिल्यांदाच आले होते.

दादासाहेब दर चैत्रात आईच्या स्मरणार्थ कीर्तन ठेवत. देणगीदार, नगरपालिकेतले चार लोक, यंदा खास पाहुणे म्हणून परीक्षक बोरगावकर. आणि पहिल्या तीन रांगांत, पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला गंध लावून, संस्थेचे चौतीस बहिरे विद्यार्थी. फोटोसाठी. "बहिऱ्यांनाही भक्तीचा लाभ" असं निमंत्रणावर छापलेलं होतं. आणि विषय? तो दादासाहेबांनीच पत्रानं कळवलेला होता: श्रवणभक्ती. ह्या माणसाच्या डोक्यात काय भरलं होतं ते भगवंतालाच ठाऊक. पण भरताना हात आखडता घेतला नव्हता हे नक्की.

बुवांना ह्यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं, मीही नाही; पत्रात संस्थेचं नाव नुसतं 'वाचस्पती' होतं आणि निमंत्रण त्यांच्यापर्यंत गेलंच नव्हतं. ते रंगात आले. नवविधा भक्तीत पहिली श्रवण. सात दिवसांनी मरण येणार हे ठाऊक असून परीक्षित राजा अन्नपाणी विसरून ऐकत बसला. समोर चौतीस माना डोलत होत्या. बुवा खूश. इतकी तल्लीन तरुण मुलं त्यांनी कुठे बघितली असणार!

पण कीर्तनकाराची नजर. पंधरा मिनिटांत त्यांच्या ध्यानात आलं की ह्या माना तालावर डोलत नाहीयेत. मुलं बाजूच्या खुर्चीतल्या दादासाहेबांकडे बघत होती. दादासाहेबांची मान हलली की अर्ध्या क्षणानं चौतीस माना हलत. वाऱ्यानं जोंधळ्याचं शेत हलावं तशा.

बुवांनी चिपळ्या तशाच चालू ठेवल्या. तोच सूर, तोच गहिवर, तोच वर उचललेला हात. म्हणाले, "आणि मग तो परीक्षित राजा... डोळे पुसत पुसत... सायकलवर बसला... आणि कोल्हापूरला निघून गेला!"

दादासाहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. चौतीस माना डोलल्या. मागच्या देणगीदारांच्या रांगेतून कुणी तरी "व्वा" म्हणालं.

आणि, सांगायला जीभ अडखळते, झांज धरलेल्या माझीही मान डोलली.

बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "ओगले," ते मागे वळून हळूच म्हणाले, "ह्या मुलांना ऐकू येत नाही काय?"

"नाही, बुवा."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

बुवा समोर वळून खड्या आवाजात म्हणाले, "ह्या लेकरांना ऐकू येत नाही हे मला आत्ता समजलं. पण ह्या मोठ्या माणसांना काय झालंय?"

एकजण हसला आणि लगेच खोकला. दादासाहेबांना काही तरी घडलंय एवढं कळलं, काय ते नाही. बुवा पायरी उतरून मुलांमध्ये गेले. पहिल्या रांगेच्या टोकाला सुगंधा होती. बुवा तिच्यासमोर गुडघ्यावर बसले.

"बाळ, कळलं का काही?"

तीन वेळा, भरभर, हसत.

"ही मान मला ठाऊक आहे हो," बुवा वर बघून म्हणाले. "चाळीस वर्षं माझ्यासमोर हीच हलतेय. ही पोर तरी घाबरून हलवते. तुमचं तसं काय?" मग त्यांनी चारी बाजूंना नजर फिरवली. "हिच्याशी हिच्या पद्धतीनं बोलणारं इथे कुणी नाही?"

आचाऱ्याला यायचं. शिपायाला यायचं. तीन मास्तरांना थोडंफार यायचं. सगळे पायाखालची सतरंजी निरखत होते.

मी झांज खाली ठेवली. "मला येतं, बुवा."

"ओगले, बसा खाली," दादासाहेब दातांतून म्हणाले. "पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"कीर्तनात उभं राहायला मी सांगतोय, दादासाहेब," बुवा म्हणाले. "ह्या घटकेला हे सभागृह माझं आहे. विचारा हो हिला, आत्ता काय काय कळलं."

फळ्याच्या वरची ती पाटी सभागृहातही होती, बुवांच्या बैठकीच्या बरोबर मागे. तिच्याखाली उभं राहून मी सात वर्षांत पहिल्यांदा उघड्यावर हात उचलले. सुगंधा आधी दादासाहेबांकडे बघायला लागली, मग पाटीकडे. मग तिचेही हात वर आले.

"काही नाही कळलं," मी तिचं बोलणं तोंडानं सांगू लागलो. "आत्ताही नाही. सकाळीही नाही. सकाळच्या साहेबांच्या तोंडावर केस आहेत. त्यांचं तोंड दिसतच नाही."

बोरगावकरांची खुर्ची करकरली. ते उठून पुढे आले, आणि हात नकळत मिशीवर. "सकाळी मी काय विचारलं ते तिला समजलंच नाही?"

मी तिला विचारलं: साहेबांनी विचारलं होतं, सुहासचा नकाशा बघून काढलास का. तू हो म्हणालीस.

तिचा चेहरा मला आजही समोर दिसतो. आधी काही नाही. मग रक्त उतरावं तसा पांढरा पडला. मग तिचे हात असे सुटले की मला तोंडानं गाठता येईना.

"मी नाही हो म्हटलं! मला वाटलं विचारतायत, काम आवडतं का, नोकरी करशील का. मी कशाला बघू? सुहासच्या रेघा जाड येतात!"

दुसऱ्या रांगेतला सुहास माळी हे बघून रागानं लाल झाला. तेवढ्यातही दोघातिघांना हसू फुटलं.

"मग दोघांची चूक एकच कशी?" बोरगावकर म्हणाले. ह्या वेळी आवाज वर चढलेला नव्हता. खरोखर विचारत होते. "स्वयंपाकघरासमोर घराचं दार. विचारा तिला."

मी विचारलं. सुगंधा त्या माणसाकडे बघत राहिली, एखाद्या मोठ्या माणसानं आकाश वर का असतं असं विचारलं तर बघावं तशी. मग सावकाश, एकेक खूण वेगळी करून, मठ्ठ मुलाला समजावतात तशी सांगू लागली.

"मी ओट्यापाशी उभी आहे. पोळी तव्यावर आहे. दारात माणूस आला. कडी वाजवतो. मला ऐकू येत नाही. तो वाजवत बसतो आणि मग निघून जातो. कधी आई असते, कधी पोस्टमन. म्हणून दार दिसायला हवं. सुहासलाही ऐकू येत नाही. त्याचंही घर असंच असणार. ही चूक नाही. तुम्ही काढता ती घरं चूक."

मी शेवटचं वाक्यही सांगितलं, शब्दाला शब्द.

ओल्या डोळ्यांची हौस मला नाही, पण बुवांनी उपरण्यानं डोळे टिपले ते मी बघितलं. आणि मला लाज वाटली. सात वर्षं मी ह्या मुलांचा माणूस म्हणून मिरवत होतो. त्यांच्या नकाशांतली दारं कुठे असतात हे मी कधी बघितलं नव्हतं.

सुगंधाचे हात मात्र थांबले नव्हते. माझ्याकडेच बघत ती आणखी काही म्हणाली. चार-पाच खुणा. माझं तोंड मिटलं.

"काय म्हणाली?" बुवांनी विचारलं.

"काही नाही, बुवा. आपलं असंच..."

"ओगले." बुवांचा आवाज फार मऊ होता, म्हणून जास्त लागला. "तिचे हात हलले. तुमचं तोंड नाही हललं. श्रोत्यांना अर्थ हवा आहे."

मागे पाटी, पुढे शंभर माणसं. मी म्हणालो, "ती म्हणते, ओगले सरांना माहीत होतं मला प्रश्न कळले नाहीत म्हणून. दादासाहेबांनी त्यांना विचारलं. त्यांनी पण मान हलवली."

दादासाहेबांनी मग घाईघाईनं आरती सुरू करायला लावली. घंटा, टाळ्या, झांजा, जेवढा गोंगाट करता येईल तेवढा. मी झांज उचलली नाही. कापूर पेटला, ताट माझ्यासमोर आलं, आणि मी ते तसंच पुढे जाऊ दिलं. आयुष्यात एकदाच.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फाटकावर रिक्षा थांबली. बोरगावकर. तोंड स्वच्छ धुतलेलं, गालात पान नाही, काखेत कोऱ्या कागदांचा गठ्ठा. आदल्या दिवशी सकाळपासून मी मनातल्या मनात त्या माणसाला गाढव म्हणत होतो. गाढव मला शोधत वसतिगृहावर आला आणि म्हणाला, "सगळ्यांची तोंडी पुन्हा घ्यायची आहे. मी प्रश्न लिहीन, तुम्ही हातांनी विचारा. आणि कळलं नाही तर नाही म्हणायचं, हे आधी सांगा त्यांना."

दादासाहेबांनी आक्षेप घेतला. बोरगावकर म्हणाले, "मंडळाला मी लेखी कळवीन, का पुन्हा घेतली ते. कळवू?" दादासाहेब चहा सांगायला गेले.

'नाही' म्हणायला शिकायला मुलांना अर्धा तास लागला. एकदा शिकल्यावर थांबेनात. सुगंधाचा कागद सत्तावीस एप्रिलला पोचला. मला आधी भांडारात खडू मोजायला बसवलं, जूनमध्ये काढून टाकलं. ह्याला त्याग वगैरे म्हणू नका. त्याग करण्याची वेळ परीक्षेच्या त्या पहिल्या सकाळीच स्टुलावर येऊन गेली होती.

ह्या गोष्टीला आता पस्तीस वर्षं झाली. गोविंदबुवा गेले. वाचस्पतीचं मंगल कार्यालय झालं, आणि तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही. सुगंधा नोकरीतून वरच्या जागेवर जाऊन निवृत्तीला आली. सुहासशी तिचं लग्न झालं का, असं मला प्रत्येक जण विचारतो. नाही. जाड रेघांबद्दल तिनं त्याला कधी माफ केलं नाही.

मागल्या वर्षी चिपळूणला कीर्तन महोत्सव होता, तेव्हा तिनं स्वतः काढून बांधलेलं घर बघायला गेलो. पायरी चढलो. सवयीनं हात कडीकडे गेला, पण तोवर ती आतून माझ्याकडे बघत होती. ओट्यापाशी उभी, हातात पळी. सरळ रेषेत. तिनं मानेनंच आत बोलावलं. केस पांढरे झालेत. हात तसेच.

चहा उकळला. तिनं साखरेचा डबा उघडला, चमचा भरला आणि भुवया वर केल्या: घालू?

मी मान हलवली.

ती चमचा तसाच धरून उभी राहिली. चहावर साय धरू लागली. ती माझ्या मानेकडे बघतसुद्धा नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती.

मग मी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात मोकळे केले आणि नीट सांगितलं: एक चमचा.

तेव्हा तिनं साखर घातली.